गुरुजींचं अडलेलं पान

अमडापूरला आमचं बिऱ्हाड पडलं ते विश्वनाथ गुरुजींच्या भिंतीला भिंत लावून. आमचे हे सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. नवं राज्य होऊन थोडेच दिवस झाले होते, बदल्यांचा नुसता धुमाकूळ चालला होता, अन् आम्हाला खामगावहून उचलून इथं आणून टाकलं. मी आधीच चिडलेली. पहिल्याच सकाळी चूल पेटवते न पेटवते तोच भिंतीपलीकडून आवाज सुरू झाला. खणखणीत अन् तरी गोड. कोणीतरी पोथी वाचत होतं. बरं वाटलं मला. म्हटलं, चला, शेजार तरी चांगला मिळाला.

दुसऱ्या दिवशी तीच ओवी. त्याच्या दुसऱ्या दिवशी तीच. बाजाराचा दिवस आला अन् गेला, तरी तीच. राग आला की माणूस कसा पायरी-पायरीनं खाली घसरत जातो, ते सांगणारी ओवी होती ती. ओवी संपली की आवाज थांबायचा. मग बराच वेळ सामसूम. मग फडक्यात पोथी बांधून गुरुजी शाळेत जायचे.

मी ह्यांना म्हटलं, "अहो, हे मास्तर पाठ करून राह्यले का काय? पोट्ट्यायलेसुद्धा इतके दिवस नाई लागत."

"तुले काय करायचं?" हे म्हणाले. आमच्या ह्यांचं जगातल्या कुठल्याही प्रश्नाला हेच उत्तर.

मला कसलं राहवतंय? वांग्याची भाजी वाटीत घेतली अन् गेले. गुरुजी ओसरीवर बसले होते. उंच, वाळके, पन्नाशीला टेकलेले. उकाड्यानं माणसं अंगातलं काढून फेकत होती अन् गुरुजींच्या कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. घर लख्ख. भिंतीला दोन पाट टेकवून ठेवलेले, त्यातला एक रोज बसून बसून गुळगुळीत झालेला अन् दुसऱ्यावर धूळ बसू नये म्हणून फडकं टाकलेलं. ते फडकं पाहिलं अन् मला उगाचच कसंतरी झालं.

"गुरुजी, तुमचं पान काऊन नाई उलटत?" मी सरळच विचारलं. मला आडवळण जमत नाही.

ते हसले. "वहिनी, हे झालं नाई अजून."

"पाठ नाई झालं?"

"पाठ तर कवाचंच आहे. माह्याच्यानं होऊन नाई राह्यलं."

मला काही कळलं नाही. मी फडक्याकडे बोट दाखवलं. "अन् घरच्या बाई?"

"माहेरी आहे. देऊळगाव राजाले."

"कवा येतील?"

त्यांनी पोथीकडे पाहिलं. "हे झालं की जातो मी आणाले," म्हणाले, अन् वाटी धुऊन आणायला आत गेले.

पोथी वाचायची त्यांची रीत अशी होती, की ओवी वाचायची अन् ती आपल्याला कुठं लागते ते शोधायचं. सापडलं की तसं वागून पाहायचं. वागणं जमलं तरच पुढची ओवी. नाही जमलं तर उद्या पुन्हा तीच. काही ओव्या म्हणे एका दिवसात सुटल्या. खोटं बोलू नये वगैरे त्यांना मुळातच सोपं होतं. दुसऱ्याच्या वस्तूचा लोभ धरू नये, ह्याला जरा वेळ लागला, कारण शाळेतल्या मोठ्या मास्तरांच्या सायकलीवर त्यांचा जीव होता. ही रागाची मात्र कित्येक महिने अडून बसली होती. लोक पोथी पुण्यासाठी वाचतात, मन रमावं म्हणून वाचतात, म्हातारपणी दुसरं काही सुचत नाही म्हणूनही वाचतात. पोथीपुढं असं रोज परीक्षेला बसणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

त्यात एकदा गावाची पंचाईत झाली. आम्ही आलो त्याच वर्षी चातुर्मासात मंदिरात पोथी लावायची होती. नेहमीच्या वाचणाऱ्या बुवांचे दात गेले होते. शब्द कमी अन् वारा जास्त यायचा. गावानं गुरुजींना गळ घातली. त्यांनी किती नाही म्हटलं, पण आवाज असा, की सोडतो कोण? सुरुवात झाली. दुपार कलली की बायका एका बाजूला वाती वळत बसायच्या, पुरुष दुसऱ्या बाजूला. असं छान चाललं होतं. भादव्यात ती रागाची ओवी आली. गुरुजींनी वाचली, अर्थ सांगितला अन् पोथी मिटली. दुसऱ्या दिवशी तीच वाचली. तिसऱ्या दिवशीही तीच. खांबाला टेकून रोज झोपणारी साळूबाईसुद्धा जागी झाली अन् म्हणाली, "माय वं! हे तं कालच झालं ना?"

किसनराव पाटलांनी पानाची पिंक टाकून विचारलं, "गुरुजी, पुढं काऊन नाई जात? कार्तिकात समाप्ती आहे. बुंदीसाठी आचारी सांगून ठेवला मी."

"तुम्ही बुंदी करा ना पाटील, मी कुठं नाई म्हणून राह्यलो," गुरुजी हात जोडून म्हणाले. "पण ह्याच्या पुढचं मी वाचलं तर खोटं बोलल्यासारखं होईन. हे माह्याच्यानं झालं नाई."

"अहो, पोथीतलं कोणी करते का?" पाटील कळवळून म्हणाले. "पोथी ऐकाची असते!"

सगळ्या मंदिरानं माना डोलावल्या. मीही डोलावली, खोटं कशाला सांगू. त्या दिवसापासून पोथी गणपतराव नावाच्या एका गृहस्थांकडे गेली. संध्याकाळी घराकडे वळलेल्या बैलासारखे ते वाचताना धावायचे. कार्तिकाच्या कितीतरी आधी समाप्ती झाली अन् आचाऱ्याला घाईघाईनं बोलवावं लागलं. बुंदी चांगली झाली होती. गुरुजी पंगतीत सगळ्यांत शेवटी बसले अन् त्यांच्या आजूबाजूची जागा रिकामीच राहिली. कोणी मुद्दाम टाळलं असं नाही. पण असल्या माणसाशेजारी बसून जेवायचं म्हणजे घास घशाखाली उतरत नाही, हेही खरं.

शाळेत त्यांचा राग सगळ्यांना ठाऊक होता. मूळचा फार वाईट. पोरं सांगायची, आधी गुरुजींची छडी मोडेपर्यंत थांबायची नाही. आता राग आला की ते वर्गातून बाहेर पडायचे अन् अंगणातल्या कडुलिंबाच्या झाडाला चकरा मारायचे. पोट्टे खिडकीतून पाहायचे अन् एकमेकांना सांगायचे, "गुरुजी लिंबाकडे गेले बे, पाटी काढा!" गुरुजी परत येईपर्यंत सगळा वर्ग शहाणा झालेला असायचा. एकदा तपासणीला साहेब आले. साहेबांनी सगळ्यांसमोर गुरुजींच्या कोटावरून काहीतरी खवचट बोलून घेतलं. गुरुजी एक शब्द न बोलता उठले अन् लिंबाकडे चालू लागले. साहेब खुर्चीत, हजेरीपट उघडा अन् मास्तर झाडाभोवती! साहेबांना वाटलं, इथं नमस्कार करायची ही काही पद्धत असेल. ते बिचारे ताटकळत बसून राहिले. शाळेतले खंडारे गुरुजी मला हे सांगताना हसून हसून बेजार झाले होते. ते नवे बौद्ध. म्हणायचे, "वहिनी, पोथ्या तं आम्ही सोडल्या. पण हे लिंबाभोवती फिरणं मले पटते."

माझीही एकदा खोड मोडली विश्वनाथ गुरुजींनी. माझी नणंद पाहुणी येऊन गेली होती अन् माझं डोकं तापलेलं होतं. मी गुरुजींच्या ओसरीवर बसून म्हटलं, "गुरुजी, ती गर्वाबद्दल सांगणारी ओवी कुठंशी आहे हो? आमच्या नणंदबाईसाठीच लिहिली आहे ती."

"असन," गुरुजी म्हणाले. "पण त्यांना वाचता येते ना?"

"येते की."

"मग त्यांची त्या वाचतील. आपण पोथी उघडली की तिच्यात फक्त आपलंच पाहावं. शेजाऱ्याचं दिसाले लागलं तर समजावं, आपण पोथी उलटी धरली."

मी तोंड फुगवून घरी आले. ह्यांना सांगितलं तर हे पहिल्यांदाच पोट धरून हसले.

घरच्या बाईंची, अनसूयाबाईंची, हकीकत मला गुरुजींनीच सांगितली. एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. आम्ही आमरस पाठवला होता, तो त्यांनी वाटीत तसाच ठेवलेला. मी विचारलं, "आवडत नाई काय?" तेव्हा म्हणाले, "आखाजीलेच झालं होतं ते." अनसूयाबाईंचा भाऊ सणाला आला होता. जेवताना त्यानं गुरुजींच्या मास्तरकीची थट्टा केली. थट्टाच ती. गुरुजींनी वाढलेलं ताट उचलून भिंतीवर फेकलं अन् मेहुण्याला म्हणाले, "घेऊन जा तुह्या बहिणीले. आत्ताच्या आत्ता."

"तिचा त्यात काय दोष होता, वहिनी? काहीच नाई. पण तिच्यावरच निघालं." ते भिंतीकडे पाहत बोलत होते. "तिनं भिंत पुसली. रस सांडला होता ना, मुंग्या होतील म्हणून खालचं सारवून घेतलं. हात धुतले. मग गेली भावाच्या दमनीत बसून. बैल जुंपेपर्यंत दारात उभी होती. मी पाठ करून बसलो होतो."

नवऱ्यानं भावाच्या हवाली केलेली बाई आपल्या पायांनी परत येत नाही. आणायला जावं लागतं. हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी म्हटलं, "मग जा ना बाप्पा! वाट कशाची पाहून राह्यले?"

"कितीदा निघालो. चिखलीपर्यंत गेलो एकदा. पण मेहुण्याचं तोंड डोळ्यांपुढं आलं की माह्या डोक्यात तेच ताट उठते. राग घेऊन गेलो तर पुन्हा तेच होईन. आधी हे जाऊ द्या. मग जातो."

"अन् तोवर त्यांनी काय करायचं?"

गुरुजींनी आमरसाची वाटी उचलून आत नेऊन ठेवली. अशा माणसाशी भांडणार कसं, सांगा. बायको सोडून देणारे पुरुष मी पाहिलेत, दुसरी करणारे तर गल्लोगल्ली आहेत. हा माणूस बायकोसाठीच झुरत होता अन् बायकोकडेच जात नव्हता. संध्याकाळी चूल पेटवायचे, एक भाकरी टाकायचे, पाटावर बसून भिंतीकडे तोंड करून जेवायचे. एवढा मोठा खणखणीत आवाज त्या माणसाचा, पण सकाळची ती एक ओवी सोडली तर त्या घरातून दिवस दिवस शब्द ऐकू यायचा नाही. मला माझी भांडीसुद्धा जोरात आपटायची लाज वाटायची.

अन् एक दिवस सकाळी मी भाकरी तव्यावर टाकली अन् भिंतीपलीकडून नवीच ओवी ऐकू आली. पुढची! भाकरी करपली. मी धावत जाऊन ह्यांना गदागदा हलवलं, "अहो, उठा! पान उलटलं!"

"तुले काय कर..." हे म्हणाले, अन् उठून बसले. "खरंच?"

झालं होतं असं, की आदल्या दिवशी बाजारात मेहुणा भेटला. बैल पाहायला आला होता. समोरासमोर गाठ पडली तेव्हा तोच वाकडं बोलला, "काय मास्तर, जित्ते आहे अजून?" गुरुजी म्हणाले, "मी उभा राह्यलो वहिनी, राग येते का पाहात. नाई आला. मी त्याले चहा पाजला. तो घोट घेताना माह्याकडं भेदरून पाहे!" बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले होते. कोटाचं वरचं बटण उघडं राहिलं होतं, ते मी प्रथमच पाहत होते.

मग काय, त्यांची लगीनघाई सुरू झाली. जमीन सारवली. चिखलीहून हिरवं लुगडं आणलं. "हिरवं आवडते तिले," म्हणाले, अन् जरा थांबून, "आवडे." सोबत बाईमाणूस असावं म्हणून मला चला म्हणाले. हे काही दवाखाना सोडून येणार नव्हते. मला तरी काय, देऊळगावच्या बालाजीचं दर्शन होईल म्हणून मी एका पायावर तयार होते. वाटेत यष्टीत ते पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. दर थोड्या वेळानं आत हात घालून लुगडं आहे का ते चाचपायचे.

मेहुणा घरी नव्हता. अनसूयाबाई पडवीत तूर पाखडत बसल्या होत्या. मी मनात काहीतरी रडवेली, हरलेली बाई धरून गेले होते. ह्या तशा नव्हत्या. ठेंगण्या, भरल्या अंगाच्या, केस कानामागं पांढरे झालेले. आम्हाला पाहून सूप खाली ठेवलं, डोक्यावरून पदर घेतला अन् आधी पाणी आणलं. मग उंबऱ्याशी बसल्या. गुरुजी उभेच.

"न्यायले आलो," गुरुजी म्हणाले.

त्या पदराशी चाळा करत बसल्या.

मग गुरुजींनी सगळं सांगितलं. पोथी, ती ओवी, ते लिंबाचं झाड, बाजारातला चहा. शाळेत धडा समजावून सांगतात तसं, एकामागून एक, काही न लपवता. "मी आता तसा नाई राह्यलो," शेवटी म्हणाले. "म्हणून आलो. आधी येता येत नव्हतं."

अनसूयाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग खाली पाहूनच बोलल्या, "तुमचा राग मले लगनातच दिसला होता. मांडवात माह्या काकावर ओरडले होते तुम्ही. तवाच समजलं होतं मले, आपल्याले काय मिळालं ते. रागीट माणूस चालला असता मले. आला असता तर."

गुरुजींनी पिशवीतून लुगडं काढून हातात धरलं.

"पयल्या दिवाळीले मी पोतडी बांधून ठेवली होती," त्या म्हणाल्या. "भाऊ हसे. भावजय बोले. तुम्ही शिव्या देत आले असते तरी निघाली असती मी. तुम्ही तिथं पोथी घेऊन सोताले चांगलं करत बसले. त्याच्यात मी कुठं होती?" त्यांनी डोळे पुसले, पण रडल्या नाहीत. "आता माय अंथरुणावर आहे. तिचं मलेच करा लागते. मी नाई येत."

मी चुळबुळ करायला लागले. मला कळत होतं ना, बाई आहे मी. 'नाई येत' म्हणताना त्यांचा आवाज कापला होता. त्या उठून उभ्या राहिल्या, पण आत गेल्या नाहीत. दाराची चौकट धरून गुरुजींकडे सरळ पाहत राहिल्या, अगदी पहिल्यांदा. वाट पाहत होत्या त्या. हा माणूस आता भडकेल, 'येत नाई म्हणजे काय' म्हणून ओरडेल, मायलाही घेऊन चल म्हणेल, हाताला धरून ओढील, अंगणात तरी बसून राहील. मी मनातल्या मनात ओरडत होते, रागवा हो गुरुजी! आत्ता नाही तर कधी?

गुरुजींनी हात जोडले. "बरं," म्हणाले. "तुझं बरोबर आहे."

लुगडं पडवीत ठेवलं, चप्पल घातली अन् पायऱ्या उतरले. मी मागं वळून पाहिलं तर अनसूयाबाई तशाच उभ्या होत्या. मग सूप उचलून त्या आत गेल्या. हातातलं सूप त्यांनी आत कुठंतरी असं काही आपटलं, की तूर घरभर झाली असणार.

बालाजीचं दर्शन राहूनच गेलं. परतीची गाडी लगेच मिळाली. गुरुजी खिडकीशी बसले अन् मी त्यांच्या शेजारी. वाटेवरचं देऊळगाव मही मागं पडलं. दोन्ही बाजूंना कापणी झालेली रानं, कुठं माणूस नाही, काही नाही.

"वहिनी," गुरुजी बाहेर पाहतच म्हणाले, "राग यायले पाह्यजे होता काय?"

"हाव," मी म्हटलं. त्या वेळी खोटं बोलणं मला शक्यच नव्हतं.

त्यांनी मान हलवली. आणखी दोन थांबे गेले. मग मी पाहिलं तर त्यांच्या मुठी वळलेल्या, कानशिलं लाल झालेली अन् ओठ थरथरत होते.

"आता येऊन राह्यला," ते म्हणाले.

मी उडालेच. "मग उतरा ना! कंडक्टर, अहो कंडक्टर, गाडी थांबवा! चला गुरुजी, मागं जाऊ. आत्ताच्या आत्ता जाऊ. अजून उशीर नाई झाला!" कंडक्टरनं दोरीला हात घातला. सगळी गाडी आमच्याकडे पाहायला लागली.

गुरुजींनी डोळे मिटले होते. मुठी हळूहळू सैल झाल्या.

"नको, वहिनी," ते म्हणाले. "चिखली येईपर्यंत निघून जाईन."

अन् गेलाही. चिखलीच्या स्टँडवर उतरून त्यांनी माझ्यासाठी चहा आणला. गाडी लागेपर्यंत आम्ही बाकावर बसलो. साखर बरोबर आहे का, म्हणून त्यांनी मला दोनदा विचारलं.